अशोतचा मुलगा सम्बात

आर्मेनियाच्या जुन्या बखरी वाचायला घेतल्या की लवकरच एक गृहस्थ भेटतो आणि पुढची सहा-सातशे वर्षं तो मरायचं नाव घेत नाही. नाव सम्बात. सातव्या शतकाच्या सुरुवातीला तो इराणच्या शहेनशहाचा सुभेदार असतो. 703 साली अरास नदीकाठी अरब फौजेला पाणी पाजतो. 775 साली बाग्रेवांदच्या लढाईत पडतो, 914 साली हालहाल होऊन मरतो, तरीही 977 साली पुन्हा गादीवर बसतो आणि 1248 साली समरकंदहून मेहुण्याला पत्र धाडतो.

माणसं अर्थातच वेगवेगळी, त्यातली बरीचशी बाग्रातुनी या आर्मेनियन सरदार घराण्यातली, जे पुढे गादीवर बसलं. या घराण्याला नावांची टंचाई असावी. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याचा रिवाज आपल्याकडेही आहे. पण बाळाजी विश्वनाथ आणि बाळाजी बाजीराव असं बापाचं नाव लावलं की आपला घोळ मिटतो. यांचा वाढतो. आंधळा अशोत, त्याचा मुलगा सम्बात, त्याचा अशोत, त्याचा सम्बात, त्याचा पुन्हा अशोत, त्याचा पुन्हा सम्बात आणि वर आणखी एक अशोत. ‘अशोतचा मुलगा सम्बात’ अशी हाक मारली तर या एका माळेतूनच तिघं ओ देतील. मग टोपणनावं आली. एक अशोत म्हणे उपासाच्या दिवसांतही मांस सोडत नसे, म्हणून तो ‘म्साकेर’, मांसखाऊ. दुसरा ‘येर्कात’, म्हणजे लोखंडी. हे नाव घराण्यात आलं कुठून, याचंही उत्तर मोव्सेस खोरेनात्सीच्या बखरीत आहे: नेबुखद्नेझरने पकडून आणलेला शाम्बात नावाचा एक ज्यू सरदार हा म्हणे यांचा मूळपुरुष. इतिहासकार यावर विश्वास ठेवत नाहीत. वंशावळ लांबवर नेऊन भिडवायची हौस भाटांना सगळीकडेच.

मी लढाया आणि तहांची कलमं बाजूला ठेवून नुसतं हे एक नाव धरून वाचत गेलो. वाचतो अर्थात अनुवादातूनच. सूचीत बोट ठेवायचं आणि पुढच्या पानावर उडी मारायची. ही काही अभ्यासाची पद्धत नव्हे, पण मजा येते.

सगळ्यात रंगतो तो सेबेओसच्या बखरीतला सम्बात. बायझंटाइन सम्राट मॉरिसविरुद्ध कट केल्याचा आरोप येतो आणि याला कॉन्स्टँटिनोपलच्या रिंगणात जनावरांपुढे सोडतात. आधी अस्वल येतं. हा ओरडतो आणि त्याच्या कपाळावर एक गुद्दा घालतो, अस्वल खलास. मग बैल येतो, त्याची शिंगं धरून मान पिरगाळतो आणि त्याला पळवून लावतो. मग सिंह. त्याचा कान धरून पाठीवर चढतो, गळा दाबतो आणि दमल्यामुळे मेलेल्या सिंहावरच जरा टेकतो. अस्वलाला गुद्द्याने मारलं यावर मी हवाला ठेवणार नाही, पण ते टेकणं मला पटतं. पोवाड्यातला वीर दमत नसतो. शेवटी राणी रदबदली करते आणि याला आफ्रिकेला हद्दपार करतात.

पुढे हा थेट इराणच्या दुसऱ्या खुस्रोच्या पदरी दिसतो. कास्पियनच्या आग्नेयेकडचा वर्कान हा सुभा त्याच्याकडे येतो आणि ‘खुस्रोव शुम’, म्हणजे खुस्रोचा आनंद, असा किताबही मिळतो. तिथे वाळवंटाच्या कडेला त्याला आपलेच लोक सापडतात. कधीकाळी पकडून आणून वसवलेले आर्मेनियन, आपली भाषा विसरलेले, लिहिणं-वाचणं जेमतेम उरलेले. सम्बात त्यांना पुन्हा भाषा शिकवायची सोय लावतो, त्यांच्यातल्याच आबेल नावाच्या पाद्र्याला बिशप करवतो. नंतर द्विन शहरात मोडकळलेलं चर्च तो नव्याने बांधायला घेतो, तर किल्लेदार तक्रार करतो की चर्च किल्ल्याला फार खेटून आहे, धोका आहे. खुस्रोचा हुकूम येतो: मग किल्ला पाडा आणि चर्च तिथेच बांधा.

घेवोंदच्या बखरीतला 703 सालचा सम्बात वेगळा. वर्दानाकेर्तच्या कडाक्याच्या थंडीत अरबांची फौज गारठते, पळणारे गोठलेल्या अरास नदीवर धावतात आणि बर्फ खचून बुडतात. त्यातून वाचलेले तीनेकशे जण शुशान नावाच्या राजकन्येच्या आसऱ्याला जातात. मागोमाग सम्बात. ती त्याला विनवते, जखमींवर मलमपट्टी करते आणि त्यांना खलिफाकडे सुखरूप पोचतं करते. लढाई सम्बातने जिंकली खरी, पण ते पान शुशानचं आहे.

मग दुःखाची पानं येतात. बुघा हा खलिफाचा सेनापती नवव्या शतकाच्या मध्यावर एका सम्बातला खलिफाच्या राजधानीत, सामर्‍राला नेतो. धर्म सोडत नाही म्हणून तो तिथेच कैदेत मरतो. त्याचा नातू राजा होतो आणि त्याचे हाल त्याहून वाईट. हा पहिला सम्बात राजा. अझरबैजानचा अमीर युसुफ याच्यापुढे तो शरण गेला, तर एर्न्जाकचा किल्ला खाली करून मिळावा म्हणून त्याला तटासमोर नेऊन छळलं आणि शेवटी त्याचं धड द्विनमध्ये क्रुसावर टांगलं. हे सांगणारा होव्हानेस हा त्या काळचा कॅथोलिकोस, म्हणजे आर्मेनियन चर्चचा प्रमुख. तो स्वतः युसुफच्या कैदेत राहून आला होता. एरवी त्याची भाषा अलंकारांनी इतकी लगडलेली असते की वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. इथे मात्र मी एकही ओळ गाळली नाही.

दुसऱ्या सम्बात राजाने अनी या राजधानीभोवती मोठा तट घातला. आजच्या तुर्कस्तानात, आर्मेनियाच्या सीमेला लागून, तो अजून उभा आहे. आणि त्याचाच पुतण्या होव्हानेस-सम्बात याने 1022 साली लिहून दिलं की माझ्यामागे अनी बायझंटाइन सम्राटाला जावं. 1045 साली गेलंच. चुलत्याने इतका भक्कम तट बांधला आणि पुतण्याने शहर कागदावर देऊन टाकलं! याच्याबद्दल सहानुभूती वाटावी असं खूप आहे. सख्खा भाऊ अशोत उरावर बसलेला, चहूबाजूंनी शत्रू. तरी मला हा आवडत नाही.

राज्य गेलं, पण नाव राहिलं. ते दक्षिणेला भूमध्य समुद्राकाठच्या किलिकियात पोचलं, तिथल्या हेथुम राजाच्या घराण्यात. पश्चिमेकडच्या उच्चारात त्याचं सेम्पाद होतं, त्यामुळे ग्रंथालयांच्या याद्यांत एकच माणूस दोनदा भेटतो. या घराण्यात भावाची गादी बळकावणारा एक सम्बात 1296 साली झाला. एका भावाला त्याने मारवलं, दुसऱ्याचे डोळे काढवले. दोन वर्षांत तिसऱ्या भावाने त्याला खाली खेचलं.

त्याच्या आधीचा, 1208 साली जन्मलेला सम्बात मात्र माझा लाडका. हेथुम राजाचा भाऊ, राज्याचा सरनोबत. अँटिओकचा फ्रेंच कायदा त्याने आर्मेनियन भाषेत आणला. मूळ फ्रेंच हरवलं, अनुवाद तेवढा राहिला. आणि त्याने स्वतः बखर लिहिली. इतकी शतकं ज्या नावाबद्दल दुसरे लिहीत आले, ते आता लेखणी धरून बसलं होतं.

भावाच्या वतीने तो मंगोलांच्या दरबारी काराकोरमला गेला. जाऊन यायला वर्षं लागली. बखरीत मात्र एवढंच, की मी तातारांकडे गेलो आणि अमुक साली भावाकडे परतलो. हिशेबनीस बरा.

पण वाटेत समरकंदहून सायप्रसचा राजा असलेल्या मेहुण्याला लिहिताना त्याचा हात मोकळा सुटला. आठ महिने रात्रंदिवस चालतोय आणि आता लोक सांगतात की निम्मी वाट झाली. उद्ध्वस्त शहरं पाहिली, हाडांचे ढीग पाहिले. पूर्वेकडे जिथे तिथे ख्रिस्ती लोक विखुरलेले दिसले. संत थॉमसने ज्या हिंदुस्थानात धर्म नेला, तिथल्या एका ख्रिस्ती राजाचीही ऐकीव हकिगत त्यात आहे: शेजारचे राजे त्याला त्रास देत होते, म्हणून तो मंगोलांचा मांडलिक झाला. असा राजा हिंदुस्थानात कुठे होता, हे समरकंदच्या बाजारातल्या लोकांनाच ठाऊक.