बाबांच्या मणक्यातले काळे ठिपके

बोन स्कॅनची फिल्म डॉक्टरांनी उजेडासमोर धरली तेव्हा तो बाबांचाच सांगाडा आहे हे मला आधी पटेना. कमरेचे मणके, उजव्या खुब्याजवळचं हाड, दोन बरगड्या. शाई सांडावी तसे काळे ठिपके. बाबा शेजारी शर्टाचं बटण चाचपत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे आता हाडांचाही कॅन्सर झाला का?"

नव्हता झाला. कॅन्सर प्रोस्टेटचाच, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचाच होता, हाडात जाऊन राहिला होता. ऐकायला हा शब्दांचा खेळ वाटतो, पण सगळी ट्रीटमेंट या फरकावर उभी आहे. त्या पेशी मणक्यात गेल्या तरी त्यांची भूक जुनीच असते, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची. म्हणून दुखत होती कंबर आणि इंजेक्शन मिळालं हार्मोन बंद करणारं.

हे पहिल्यांदा दाखवलं चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी, १९४१ मध्ये. वृषण काढले किंवा इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन दिलं, की शरीरभर पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सरही मागे हटतो, असं त्यांना आढळलं. हगिन्सना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. आज तेच काम बहुतेकांच्या बाबतीत इंजेक्शन करतं: मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूमच थांबवतं.

पण थांबवण्याआधी काही दिवस ते इंजेक्शन टेस्टोस्टेरॉन उलट वाढवतं. (सगळी नाही, काही नवी औषधं थेट अडवतात.) मणक्यात गाठ असताना ही वाढ धोक्याची, मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून बाबांना आधीपासून टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, आणि डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "पायातली ताकद कमी वाटली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट बघायची नाही." ते दोन आठवडे मी रोज रात्री बाबांना म्हणायचे, "पाय दाबा माझ्या हातावर." ते दाबायचे. मग मी झोपायला जायचे.

हाडच का, हा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. स्टीफन पॅजेट या सर्जनने १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं की पेशी बियांसारख्या सगळीकडे उडतात, रुजतात मात्र मानवेल त्याच मातीत. प्रोस्टेटच्या पेशींना हाडाची माती मानवते. हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण ते आयुष्यभर पाडलं आणि बांधलं जात असतं. काही पेशी जुनं हाड पोखरतात, काही नवं रचतात. पोखरताना हाडात साठलेली वाढीची द्रव्यं मोकळी होतात आणि कॅन्सरच्या पेशी त्यांवर पोसल्या जातात. पोसलेल्या पेशी हाडाला आणखी चेतवतात, की पुन्हा पहिल्यापासून. प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त करून रचणाऱ्या पेशींना चेतवतो. फिल्मवरचे काळे ठिपके म्हणजे भोकं नव्हती, तिथे घाईघाईने वेडंवाकडं नवं हाड बनत होतं. दिसायला दाट, पण ठिसूळ.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि हाडांची राखण बरीचशी ते इस्ट्रोजेन करतं. टेस्टोस्टेरॉन खाली आणलं की इस्ट्रोजेनही खाली येतं आणि हाड पोखरणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. एकच हार्मोन कॅन्सरला खाऊ घालतं आणि हाडंही सांभाळतं. इंजेक्शन दोन्ही बंद करतं.

आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. पीएसए (रक्तातला आकडा, ज्यावरून प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अंदाज घेतात) झरझर उतरत होता, कंबर दुखायची थांबली होती, अंगातून येणाऱ्या गरम वाफांचीही बाबांना सवय झाली होती. आठव्या महिन्यात बाथरूमच्या दारात तोल गेला, हात टेकला आणि मनगट मोडलं. मी धावत फिल्म काढून पाहिली. मनगटावर ठिपका नव्हता. तो फ्रॅक्चर कॅन्सरचा नव्हताच, हाडांची घनता पहिल्या इंजेक्शनच्या वेळी कोणी मोजली नव्हती त्याचा होता. मला त्याचा अजून राग आहे. घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनला काही मिनिटं लागतात.

तुमच्या घरी हे इंजेक्शन सुरू होत असेल तर त्याच दिवशी डेक्साबद्दल विचारा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा, व्यायाम कोणता चालेल ते विचारा. हाडांची झीज रोखणारं औषध, म्हणजे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब द्यायचं ठरलं, तर आधी दात दाखवून घ्या. या औषधांवर असताना दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो.

पुढे कधीतरी कॅन्सर इतक्या कमी टेस्टोस्टेरॉनवरही वाढायला शिकतो, हे मला माहीत आहे. काही पेशी ते स्वतःच बनवू लागतात. त्यासाठी अ‍ॅबिराटेरॉन आहे, एन्झालुटामाइड आहे, कॅल्शियमसारखं थेट हाडात जाणारं रेडियम-२२३ आहे. नावं मी वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहेत.

बाबांचा एक दात गेल्या आठवड्यात काढला. जखम भरली की हाडांचं औषध सुरू होईल. तोवर ते भिंतीला धरून, मोजून वीस फेऱ्या मारतात, आणि विसावी झाली की मला हाक मारून सांगतात.