पुन्हा न बघायचे सिनेमे

प्रत्येकाकडे अशी एक यादी असतेच. त्यातले सिनेमे उत्तम असतात, त्यांच्याबद्दल आपण तासभर बोलू शकतो, दुसऱ्याला 'बघच' म्हणून गळ घालतो. पण कुणी म्हणालं, चल, आत्ता लावूया, की आपल्याला नेमकं काहीतरी काम आठवतं. माझं तर असं होतं, की त्यातलं एखादं पोस्टर समोर आलं तर ते नीट ओळखायच्या आधीच अंगठा पुढे सरकलेला असतो. विनोदी सिनेमा मात्र त्याच आठवड्यात दुसऱ्यांदाही चालतो.

गंमत म्हणजे या यादीत भुताखेताचे सिनेमे जवळजवळ नसतातच. त्यांनी घाबरवायचं कंत्राट घेतलेलं असतं आणि आपण घाबरायला म्हणूनच बसलेलो असतो. रात्री पाणी प्यायला उठताना दिवा लावावा लागतो, पाय पांघरुणाबाहेर काढवत नाहीत. चार दिवसांनी तेही सुटतं. भीतीचं एक बरं असतं, ती आपल्या स्वतःच्या जिवाची असते. आपण शाबूत आहोत एवढं कळलं की ती आपली आपण निघून जाते.

तशी काहींची भीती चिवट निघते. हिचकॉकचा 'सायको' १९६०चा. त्यातला बाथरूममधला खून पडद्यावर मिनिटभरसुद्धा चालत नाही, पण तेवढ्या चित्रीकरणाला आठवडा लागला होता. सिनेमा कृष्णधवल असल्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप चालून गेलं. सुरी अंगात शिरताना जवळपास दिसतच नाही. वर गेलेला हात, पाणी, उघडं तोंड आणि संगीतकार हर्मनची किंचाळणारी व्हायोलिनं, एवढ्या सामग्रीवर बाकीचा खून बघणाऱ्याने आपल्या डोक्यात करायचा असतो. आणि ते इतकं जमून गेलं, की जिला सुरी, सिरप, कॅमेरा सगळं ठाऊक होतं त्या नायिकेनेही, म्हणजे जॅनेट लीने, पडद्यावर तो प्रसंग पाहिल्यावर शॉवरखाली उभं राहायचं सोडलं. मुलाखतींत ती हे सांगायची. १९७५च्या 'जॉज'चीही तीच कथा. यांत्रिक शार्क समुद्रात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गला तो फारसा दाखवता आला नाही, आणि न दिसणाऱ्या शार्कने लोकांना जास्त छळलं.

पण या आठवणी सांगताना माणसं हसतात, हे पाहिलंय का? 'अरे, मी महिनाभर बाथरूमचं दार उघडं ठेवून अंघोळ करत होतो,' हे सांगताना सांगणाराही खूश असतो आणि ऐकणाराही. यादीतल्या सिनेमांबद्दल असं कुणी हसत सांगत नाही.

माझ्या यादीत सगळ्यात वर एक कार्टून आहे. म्हणजे जपानी ॲनिमेशन, इसाओ ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. १९८८ साली जपानमध्ये तो 'माय नेबर टोटोरो'बरोबर जोडीने लागला होता. एकात गुबगुबीत वनदेवता आणि मांजराच्या आकाराची बस, दुसऱ्यात बॉम्बहल्ले आणि भूक. हे कुणाच्या डोक्यातून आलं असेल ते असो. त्या दिवशी मुलाबाळांना घेऊन गेलेले आईबाप कोणत्या तोंडाने घरी परतले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गोष्ट १९४५ची, कोबे शहरातली. चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको. हवाई हल्ल्यात आई जाते, वडील नौदलात. मुलीजवळ फळांच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा असतो. गोळ्या असतात तेव्हा तो खुळखुळतो. मग आवाज कमी होत जातो. शेवटची चिकटलेली गोळी डबा आपटून काढावी लागते. मग भाऊ त्यात पाणी घालून ढवळतो आणि तिला पाजतो, आणि ती त्यातल्या एकेका गोळीची चव ओळखून सांगते. पुढे पुढे ती खेळायच्या काचेच्या चकत्या गोळ्या समजून चोखते. हे सगळं हाताने काढलेलं, रंगवलेलं आहे, त्यात एकही जिवंत नट नाही, असं स्वतःला बजावून पाहिलं. उपयोग झाला नाही.

तरी डबा कधीतरी विसरला जाईल. जात नाही ती त्या मुलांची मावशी. लांबच्या नात्यातली बाई, तिच्याकडे दोघं राहायला येतात. सुरुवातीला ती नीट वागते. मग तांदूळ संपत येतो, ती मुलांच्या आईचे किमोनो विकून तांदूळ आणायला सांगते, मग कामाला जाणाऱ्यांना दाट आणि या दोघांना पातळ वाढायला लागते. काम नाही, धाम नाही, वर पोरगी रात्री रडते, असं घालूनपाडून बोलते. मारत नाही, हाकलत नाही. मुलं आपल्या पायांनी निघून जातात आणि ती थांबवत नाही, इतकंच. खलनायिका म्हणावी तर तसं काही तिने केलेलं सापडत नाही. तिचं प्रत्येक वाक्य मी कुठल्या ना कुठल्या घरात, कुठल्या ना कुठल्या पाहुण्याबद्दल ऐकलेलं आहे.

इथे माझ्या यादीचा धागा सापडतो असं मला वाटतं. भयपटात आपण कोण, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरतं. जिच्या मागे सुरी लागलीय ती आपण. या सिनेमांमध्येही सुरुवातीला आपण खुशाल त्या भावाच्या जागी बसतो. मग हळूहळू लक्षात येतं, की आपली जागा तिथे नाही. आपण असतोच तर पातळ वाढणाऱ्या बाईच्या जागी, किंवा तिच्या शेजारच्या घरात.

नागराज मंजुळेने तर आपल्याला आपली जागा बोट धरून दाखवली. 'फँड्री'त जब्याच्या घरातले सगळे डुकराच्या मागे धावत असतात आणि शाळेची पोरं, गावातली माणसं कठड्यावर बसून खिदळत असतात. मधेच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, ही माणसं जागच्या जागी ताठ उभी राहतात आणि डुक्कर निसटून जातं. थिएटरात त्या जागी हशा येतो, येतोच. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे मघाशी हसलेल्यांवर. 'सैराट'ची चाल आणखी लबाड. 'झिंगाट'ला लोक खुर्च्या सोडून नाचले होते, आख्खं थिएटर आर्ची-परश्याच्या वऱ्हाडात सामील झालं होतं. शेवटी आर्चीचा भाऊ माहेरच्या वस्तू घेऊन दारात येतो, ती चहा टाकते, आणि पुढे सिनेमाचा आवाजच काढून घेतला जातो. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं मूल परत येतं आणि रडत बाहेर पडतं. फरशीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे. बाहेर पडताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. इतक्या लोकांना एकाच वेळी चपला इतक्या निरखून बघाव्याशा वाटाव्यात, याला दुसरं काय कारण असणार?

'आक्रोश'बद्दल खूप लिहिता येईल, पण लिहीत नाही. ज्यांनी ओम पुरीची सिनेमाभराची गप्प नजर आणि शेवटची किंकाळी अनुभवलीय त्यांना सांगायची गरज नाही.

यावर उपाय म्हणून लोक काय काय करतात. कुणी लगेच दुसरा, हलकाफुलका सिनेमा लावतं, कुणी चित्रीकरण कसं झालं त्याचे व्हिडिओ बघतं, म्हणजे नटनट्या मधल्या सुट्टीत हसताना दिसतात आणि जीव भांड्यात पडतो. शास्त्रज्ञांनी सुचवलेला एक उपाय फारच मजेशीर आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लोकांना जखमा आणि मृत्यूची दृश्यं असलेली फिल्म दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यातल्या निम्म्या मंडळींना टेट्रिस हा ठोकळ्यांचा व्हिडिओ गेम खेळायला बसवलं. २००९ साली त्यांनी निष्कर्ष छापले. टेट्रिसवाल्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं अवचित डोळ्यांसमोर येण्याचा त्रास कमी झाला. ठोकळे फिरवून बसवण्यात मेंदूची चित्रं साठवणारी जागा गुंतली की आधीच्या चित्राला तिथे नीट मुक्काम ठोकता येत नाही, असं त्यामागचं तर्कशास्त्र. फिल्ममध्ये काय होतं हे मात्र दोन्ही गटांना सारखंच आठवत होतं.

म्हणजे पावलांचे ठसे आणि गोळ्यांचा डबा यांवर इलाज आहे म्हणायचा. मावशीचं काय करायचं हे त्या प्रयोगात कुठे आलेलं नाही.

मध्यंतरी एका मित्राला मी हाच मावशीचा सिनेमा बघायला लावला. का लावला, याचं सज्जन उत्तर माझ्याकडे नाही. आपल्याला चावलेलं दुसऱ्यालाही चावावं असं काहीतरी असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. डब्याबद्दल अवाक्षर नाही, काजव्यांबद्दल नाही. एकदम म्हणाला, "पण त्या मावशीचं तरी काय चुकलं रे? तिलाही घर होतं ना?" आणि पुढची वीस मिनिटं तो तिची बाजू मांडत राहिला. दर दोन वाक्यांनी मधे घालत होता, "म्हणजे, मी तसं केलं नसतं, पण..."