कान लहान दिसले म्हणून

"अस्वल मारायला गेलास तरी कशाला?" गणपतीत प्रसादाच्या रांगेत हे विचारलं जातं. आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत असलो की मागून मामा विचारतो. अलास्का बघायला येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो, "आम्हालाही ने की!" त्यांना उत्तर सोपं आहे. तुम्ही परदेशी नागरिक असाल तर इथे कुठल्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीला परवानाधारक गाइड लागतो, आणि ग्रिझलीसाठी, म्हणजे इथल्या मोठ्या तपकिरी अस्वलासाठी, तो सहज दहा-वीस हजार डॉलर घेतो. मी नेऊ शकत नाही. विषय संपला.

पहिल्या प्रश्नाचा विषय संपत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी मूळचा बुलढाण्याचा, त्यामुळे लोक मनाशी एक गोष्ट जुळवतात. मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसाचा चेहरा अस्वलाने ओरबाडला, असल्या बातम्या ऐकतच आम्ही वाढलो हे खरं. पण मी सूड घ्यायला गेलो नव्हतो. ते अस्वल वेगळं, हे वेगळं, आणि माझा चेहरा शाबूत आहे. अलास्कातल्या अँकरेज शहरात मी कार्गो विमानं दुरुस्त करतो. बारा महिने राहिलं की रहिवासी म्हणून शिकारीचा परवाना मिळतो. बरोबरचे सगळे जातात. आधी मासे, मग कॅरिबू म्हणजे रानटी रेनडिअर, मग मूस म्हणजे भलंमोठं हरिण. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढंच. मग एवढंच राहिलं नाही.

तयारी मात्र मी लग्नाच्या यादीसारखी केली होती. हिवाळाभर नियमांची पुस्तिका उशाशी. पिल्लू मारायचं नाही, पिल्लांसोबतची मादी मारायची नाही, हे कायद्याचं. त्यावर माझं स्वतःचं कलम: फक्त मोठा, म्हातारा नर. वसंतात गुहेतून नर आधी बाहेर पडतात, पिल्लांच्या आया सगळ्यांत शेवटी. मे सरत आला की अस्वलं अंग घासून केस घालवतात, म्हणून फार उशीरही नको. दोनशे यार्डांपलीकडे गोळी नाही. आणि कान. मोठ्या नराचं डोकं इतकं रुंद असतं की कान शर्टाच्या बटणांसारखे दोन कडांना लावलेले वाटतात. लहान अस्वलाचे कान डोक्यावर उभे, मोठाले. ही चित्रं छापून मी फ्रिजवर लावली होती. बायको म्हणायची, देवांपेक्षा अस्वलं जास्त झाली.

डेनाली हायवे, पॅक्सन ते कँटवेल, 135 मैल, बहुतेक खडीचा. हिवाळ्यात त्यावरचा बर्फ कोणी काढत नाही, रस्ता मे महिन्यात मोकळा होतो. तो उघडला तसे आम्ही मॅक्लॅरन नदीच्या पलीकडे तंबू ठोकला. मी आणि माझा शेजारी, जन्म इथलाच. तीन दिवस दुर्बिणीतून डोंगर चाळला. बूट ओले, मोजे ओले, बोलणं संपलेलं.

चौथ्या रात्री दहा वाजता, म्हणजे चांगल्या उजेडात, समोरच्या उतारावर एकटं अस्वल मुळं उकरताना दिसलं. सरपटत जवळ गेलो. अंतर मोजणारा रेंजफाइंडर म्हणाला 170 यार्ड. शेजारी कुजबुजला, "थांब, वळू दे." मी ऐकलं. ते वळलं, मान वर केली, आणि मला कान लहान दिसले.

आता डोळे मिटले की तेच कान मोठे दिसतात. तेव्हा खरंच लहान दिसले होते, की चार दिवसांनंतर मला ते लहानच हवे होते? सांगता येत नाही. खूप वेळा प्रयत्न केलाय.

दोन गोळ्या. ते आल्डरच्या झुडपांत शिरलं. अर्धा तास थांबायचं असतं, थांबलो. मग रायफल पुढे धरून आत गेलो. तीस-चाळीस पावलांवर पडलेलं होतं. लांबून दिसलं तेव्हा अस्वलाएवढं होतं, आणि जवळ जाईन तसं लहान होत गेलं. मी पुढच्या पंजावर हात ठेवला. माझा हात झाकला जाईल असं वाटलं होतं. बोटं बाहेर राहिली.

शेजाऱ्याने मागचा पाय उचलून पाहिलं. "मादी." मग आचळं दाबून पाहिली. कोरडी. म्हणजे पिल्लं नव्हती, म्हणजे कायदा मोडला नव्हता. हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा म्हटलंय की त्याचा आवाज आता माझा वाटत नाही.

कातडं काढल्यावर अस्वल माणसासारखं दिसतं, असं इथला प्रत्येक शिकारी सांगतो. मीही सांगायचो, स्वतः पाहायच्या आधी. उताणं, खांदे, मनगटं. एवढंच लिहितो.

कातडं आणि कवटी तीस दिवसांत वन्यजीव खात्याकडे नेऊन सील लावून घ्यावं लागतं. तिथे वय मोजायला एक छोटा दात काढून घेतात. दाताचं उत्तर कित्येक महिन्यांनी आलं: चार वर्षं. इथल्या माद्या पाच-सहा वर्षांच्या झाल्याशिवाय विणत नाहीत.

जाण्याआधीचा मी तुमच्याशी कडाकडा भांडला असता. अलास्कात सुमारे तीस हजार अशी अस्वलं आहेत. ती मूसची वासरं खातात. मूस आणि कॅरिबू वाढावेत म्हणून त्यांना खाणारे प्राणी कमी करायचा 1994 पासून राज्याचा कायदाच आहे. त्याला मी आज विचारतो, मग "फक्त म्हातारा नर" कशाला ठरवलं होतंस? तो म्हणतो, शेजारी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2017 मध्ये ग्रिझलीची शिकार थांबवली, म्हणून तिथली माणसं जास्त सज्जन झाली का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्याकडेही नाही, पण तो जोरात बोलतो.

मांस खाल्लं का, हेही विचारता. कायद्याने बहुतेक ठिकाणी ग्रिझलीचं मांस आणायची सक्ती नाही, पण आम्ही आणलं. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचे जंत असू शकतात, आणि इकडच्या थंडीतली त्यांची जात फ्रीजरमध्येही मरत नाही. म्हणून कुकरला आठ शिट्ट्या, वऱ्हाडी काळा मसाला. चव चांगली होती. ही गोष्ट मामाला सांगितलेली नाही.

कातडं कमावून आलंय, गुंडाळून पलंगाखाली आहे. शेजाऱ्याने यंदाच्या मे महिन्याचं विचारलंय. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. परवा बायको फ्रिज पुसत होती. "ही चित्रं काढू का?" म्हणाली. म्हटलं, राहू दे.