प्रूफं कानाने तपासताना

आधी मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. ओळ संपली की नजर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाण्याऐवजी भलतीच ओळ पकडायची. कधी तीच ओळ पुन्हा वाचली जायची, कधी एक गाळून पुढे. मुद्रितशोधन हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे हे फार दिवस लपणार नव्हतंच. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोझा असं नाव सांगितलं. यात दृष्टिपटलाचा कडेचा भाग आधी निकामी होत जातो. रात्रीचं दिसणं कमी होतं आणि मग नजर नळीतून पाहावं तशी आकसते. अंधारात जिन्यावर ठेचकाळणं मी कित्येक वर्षं वेंधळेपणाच्या खात्यावर टाकत आले होते.

जो भेटेल तो सांगायचा, अक्षर मोठं कर. विंडोजमध्ये भिंग असतंच, विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह दाबलं की झालं. पण माझ्या नळीत मोठं अक्षर म्हणजे कमी अक्षरं. ‘कर्मचाऱ्यांच्या’ हा एक शब्द मी तीन तुकड्यांत वाचत होते. उलट अक्षर मध्यम ठेवून काळ्यावर पांढरं केलं, ओळ अरुंद केली आणि ओळींमधलं अंतर वाढवलं, तेव्हा बरं वाटलं. देवनागरीला ते अंतर लागतंच. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसल्या की चांगल्या डोळ्यांनाही त्रास होतो. पडद्यावर एका जागी एकेक शब्द दाखवणारं साधनही वापरून पाहिलं. नजर हलवावी लागत नाही, म्हणून इंग्रजीत वेग छान आला. मराठीत मात्र ‘व’ जितका वेळ दिसायचा तितकाच वेळ ‘प्रकाशकांकडूनसुद्धा’. चार दिवसांत डोकं दुखायला लागलं, सोडून दिलं.

मग ओळखीतल्या एका बँक अधिकाऱ्यांनी फोनवरून शिकवणी सुरू केली. ते जन्मापासून अंध. वयाने माझ्याहून लहान, मला ताई म्हणतात, मी त्यांना सर म्हणते. पहिला धडा एका वाक्याचा होता: “ताई, माउस कपाटात ठेवा.” दुसरा धडा एनव्हीडीए उतरवून घेण्याचा. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ही प्रणाली फुकट मिळते. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करनने ती २००६मध्ये सुरू केली, पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाला, दोघंही अंध. ते वापरताना कळतंच. कंट्रोल दाबलं की आवाज तत्काळ गप्प होतो, हे ज्याला रोज लागतं त्यालाच सुचणार.

आवाज मात्र पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसूच आलं. डब्यात तोंड घालून बोलणारा माणूस. फोनवरचा मराठी आवाज किती गोड, मग हा कशाला, असं मी विचारलं. सर म्हणाले, तो गोड आवाज पळवून बघा. पळवला, तर अक्षरं एकमेकांत विरघळली. ई-स्पीक हा डब्यातला आवाज रेकॉर्ड केलेल्या माणसाच्या तुकड्यांतून जुळवलेला नाही, ध्वनी गणिताने तयार केलेले आहेत. म्हणून रुक्ष, पण म्हणूनच पळवला तरी सुटा सुटा ऐकू येतो. त्याचा मूळ वेग मिनिटाला १७५ शब्दांचा असतो आणि ४५० पर्यंत नेता येतो. एनव्हीडीएत वेगाची पट्टी टक्क्यांत असते, मी वीस टक्क्यांवर सुरुवात केली. दर रविवारी इन्सर्ट, कंट्रोल आणि वरचा बाण दाबून पाच टक्के वाढवायचे, आणि आठवडाभर परत खाली यायचं नाही, असा सरांचा नियम. तिसऱ्या आठवड्यात रडकुंडीला आले होते. दोन महिन्यांनी घरच्यांना ज्यातला एक शब्द कळत नाही अशा वेगात मी ईमेल ऐकत होते. सासूबाई म्हणतात, तुझ्या खोलीत मधमाश्या बसल्यात.

नुसता वेग वाढून भागत नाही, कारण कानाला पान चाळता येत नाही. डोळा पानावर नजर टाकून मथळा हेरतो; कानाला मथळ्यावर नेऊन सोडावं लागतं. वेबपानावर एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक. पण ते कुणी शीर्षक म्हणून नोंदवलं असेल तरच. नुसतं अक्षर ठळक आणि मोठं केलं असेल तर एनव्हीडीएच्या लेखी ते साधं वाक्य. आणि लिंकांची यादी काढावी तर ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’. कुठे, ते देव जाणे.

खरी गंमत पुढे होती. एका छापखान्याकडून फाइल आली. उघडली, खाली बाण दाबला, तर आवाज किंचाळल्यासारखा काहीतरी अगम्य बोलला. अक्षर-अक्षर करत गेले तेव्हा ऐकू आलं: ई, जे, के, बी, एच. बी म्हणताना आवाज चढला, म्हणजे ते कॅपिटल. फाइल कृतिदेव या फॉन्टमध्ये होती. पडद्यावर दिसत होतं ‘मराठी’, फाइलीत होती ही पाच रोमन अक्षरं. या जुन्या फॉन्टांनी रोमन अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढवलेत. डोळ्याला मुखवटा दिसतो, यंत्राला आतलं अक्षर. युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षराला स्वतःचाच संकेत असतो त्या पद्धतीत, बदलून घेता येतं, पण ऱ्हस्व वेलांटी तिथे व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे बदलताना काही शब्दांची हाडं मोडतात. मग चूक लेखकाची की रूपांतराची?

स्कॅन केलेल्या पीडीएफची तर आणखी तऱ्हा. एनव्हीडीएला ते नुसतं चित्र. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडलं की मजकूर मिळतो, आणि वाचनापुरता तो उत्तम असतो. प्रूफासाठी निरुपयोगी, कारण ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ कुणी केला हे सांगता येत नाही. आता मी काम घेतानाच विचारते: युनिकोड आहे का? नसेल तर नम्रपणे नकार. दोन गिऱ्हाइकं तुटली, एकाने सवय बदलली.

आणि कानाच्याही मर्यादा आहेत, त्या कबूल केल्या पाहिजेत. ‘दिन’ आणि ‘दीन’ मला त्या वेगात एकच ऐकू येतात, थांबून अक्षरं मोजावी लागतात. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि जगणेमधला ‘जग’ यांचे उच्चार वेगळे, पण यंत्राला एकच ‘ज’ ठाऊक. ‘चहा’चा च त्याने कसाही उच्चारला तरी आता मी मनातल्या मनात दुरुस्त करून घेते. याउलट ओळीच्या शेवटी ‘आणि’ आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा ‘आणि’ ही डोळ्यातून हमखास निसटणारी चूक कानाला खड्यासारखी लागते. गळलेला ‘नाही’ही तसाच, वाक्याचा अर्थच फिरतो, तो डोळा सवयीने भरून घेतो, कान घेत नाही.

गेल्या दिवाळी अंकाच्या वेळी जुन्या मैत्रिणीशी वाटणी करून घेतली. वेलांट्या, उकार आणि अनुस्वार तिचे. दुबार शब्द, गळलेले शब्द आणि लंगडी वाक्यं माझी. पैसे निम्मे निम्मे. पहिल्याच लेखात तिने तपासून दिलेल्या पानांवर मला चार ‘आणि आणि’ सापडले, आणि माझ्या पानांवर तिला अकरा वेलांट्या. तिने त्या अकरा मला फोनवर मोठ्याने वाचून दाखवल्या. इतक्या सावकाश की मला राहवेना.