बारा गुणांचे उद्दिष्ट

शहादा, फाल्गुन, रविवार रात्री

आज सकाळी गोमाईच्या काठच्या मैदानावर तिरंदाजीची ७२ बाणांची फेरी पूर्ण केली आणि ७२० पैकी ५३३ गुण झाले. वर्षभरापूर्वी हा आकडा वहीत लिहिताना माझे मन खट्टू झाले असते, कारण तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने ६०० हा आकडा लिहून ठेवला होता आणि प्रत्येक फेरीनंतर तो माझ्याकडे रोखून पाहत असे.

हा ६०० आला कुठून, याचा आज शांतपणे विचार केला. २०२३ च्या मार्गशीर्षात, वाऱ्याची झुळूकही नसलेल्या एका सकाळी, माझे ५६१ गुण झाले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले होते आणि साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली होती. आपल्या महाराष्ट्रातली मुले एवढे करू शकतात, तर आपण चाळीसेक गुण का वाढवू नयेत, असे मला मनापासून वाटले. त्यांचे धनुष्य कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेले, अंतर ५० मीटर आणि लक्ष्य ८० सेंटीमीटरचे. माझे धनुष्य रिकर्व्ह, म्हणजे चाके नसलेले, टोके पुढे वळलेले, पन्नाशी ओलांडल्यामुळे अंतर ६० मीटर आणि लक्ष्य १२२ सेंटीमीटरचे. हा फरक मला ठाऊक होता, तरी उत्साहाच्या भरात मी तो बाजूला सारला.

त्याची किंमत पावसाळ्यानंतरच्या एका स्पर्धेत मोजली. पहिल्या ३६ बाणांत २८१ गुण झाले होते, म्हणजे ५६१ च्याच चालीने मी चालले होते. मात्र मध्यंतरात मी हिशेब मांडला की ६०० साठी आता ३६० पैकी ३१९ गुण हवेत, आणि तिथून पुढे माझे लक्ष बाणावर राहिलेच नाही. प्रत्येक एंडनंतर, म्हणजे सहा बाणांच्या पाळीनंतर, मनात बेरीज सुरू राहिली, दहा हवाच म्हणून बोटांतून दोरी ओढून तोडल्यासारखी सुटू लागली आणि उरलेल्या ३६ बाणांत जेमतेम २४६ गुण पदरात पडले. एकूण ५२७.

संक्रांतीच्या सुट्टीत, गणित शिकवणाऱ्या बाईने जे आधीच करायला हवे होते, ते मी केले. त्या ५६१ पासूनच्या दहा फेऱ्यांचे गुण एकाखाली एक लिहिले: ५६१, ५१९, ५३४, ५०८, ५४०, ५२२, ५१६, ५२७, ५३१, ५३२. सरासरी ५२९ निघाली. पहिल्या फेरीनंतर एकदाही मी ५४० च्या वर गेले नव्हते. ती फेरी खोटी नव्हती, पण ती माझी नेहमीची पातळीही नव्हती, आणि मी नेमके तिलाच पायरी समजून तिच्यावर पुढची पायरी बांधायला निघाले होते.

वरच्या पातळीवर गुण कसे वाढतात, हेही त्या दिवशी पुन्हा वाचले. पुरुषांच्या रिकर्व्हमध्ये ७० मीटरवरच्या ७२ बाणांचा जागतिक विक्रम २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ६९९ होता, २०१६ ला रिओत किम वू-जिनने तो ७०० केला आणि २०१९ ला लिमा येथे ब्रॅडी एलिसनने ७०२ वर नेला. सात वर्षांत तीन गुण! मी एका वर्षात सरासरीवर एकाहत्तर गुण चढवू पाहत होते. नवशिक्याचे गुण भरभर वाढतात हे खरे, पण चार वर्षे झाल्यावर मी स्वतःला नवशिकी म्हणवून घेऊ शकत नाही.

म्हणून नवे उद्दिष्ट असे ठरवले की दिवाळीपर्यंत दहा फेऱ्यांची सरासरी ५४१ व्हावी. एखाद्या फेरीत नव्हे, दहा फेऱ्यांची सरासरी. फरक बारा गुणांचा आहे आणि फेरीत सहा-सहा बाणांचे बारा एंड असतात, म्हणजे एका एंडला एक गुण. हे गुण कुठून येणार, तेही गुणपत्रिकांनी दाखवले. माझे बहुतेक एंड ४२ ते ४८ च्या दरम्यान असतात, परंतु जवळजवळ प्रत्येक फेरीत दोन एंड ३६ च्या आसपास घसरतात. ते दोन एंड ४२ वर आणले, तरी बारा गुण भरून निघतात. एकही दहा वाढवायची गरज नाही.

ते एंड का घसरतात, याचे उत्तर आमच्याबरोबर सराव करणाऱ्या, धडगावकडच्या नववीतल्या मुलाने दिले. त्याच्या आजोबांकडे बांबूचा कामठा आहे आणि त्याला बांबूच्याच चिपेची दोरी असते. वाऱ्यात मी डगमगत बाण सोडताना पाहून तो म्हणाला, "बाई, वारा आला की आमचे आजोबा कामठा सैल करतात. बाण हातातच राहतो ना."

मी मात्र वेळ संपेल या भीतीने, क्लिकर (ओढ पूर्ण झाली की टक् वाजणारी धनुष्यावरची पट्टी) पडत नसतानाही ओढून धरून, खांदा थरथरू लागला तरी बाण सोडून देत होते. खरे तर सहा बाणांना पुरेसा वेळ मिळतो. माझा एक बाण साधारण पंचवीस सेकंदांत सुटतो, म्हणजे सहा बाणांना अडीच मिनिटे पुरतात आणि थोडा वेळ शिल्लक राहतो. एका एंडमध्ये एखाद्या वेळी बाण न सोडता धनुष्य उतरवणे मला सहज परवडते. तेव्हापासून वहीत गुणांच्या शेजारी एक नवा रकाना आखला आहे, "उतरवले".

एक गोष्ट इथल्या हवेसाठी नोंदवून ठेवते. होळीनंतर खानदेशात दुपारचा वारा सुटतो आणि वैशाखात सकाळी नऊनंतर मैदानावर उभे राहवत नाही. तेव्हाचे गुण मार्गशीर्षातल्या गुणांशी ताडून पाहणे म्हणजे स्वतःवर अन्याय आहे. त्यामुळे एप्रिल आणि मे महिन्यांतल्या फेऱ्या सरासरीत धरायच्या नाहीत. त्या काळात ३० मीटरवर फक्त बाण सोडण्याची पद्धत सुधारायची, असे ठरवले आहे.

आज सातव्या एंडला पपईच्या बागेकडून अचानक झोत आला, लक्ष्यावरचा कागद फडफडला आणि मी पूर्ण ओढलेले धनुष्य हळूच उतरवले. श्वास घेतला, पुन्हा ओढले, क्लिकर पडला आणि बाण आठाच्या वर्तुळात गेला. त्या एंडचे ४३ गुण झाले. फेरीतला सर्वांत कमी एंड ४१ चा होता. "उतरवले" च्या रकान्यात पाच रेघा आहेत, आणि नव्या दहा फेऱ्यांच्या यादीत पहिला आकडा ५३३ लिहिला आहे.