"कोणत्या ओळीवरून?"

स्मरणिकेच्या संपादकांनी "इंग्रजीच्या जादा तासाबद्दल लिहा, आताच्या मुलांना उपयोग होईल असं" एवढंच सांगितलं. उपयोगाचंच लिहायचं तर वाईट बातमी आधी सांगतो. वरच्या पातळीच्या इंग्रजीच्या वर्गात गेलं की पहिल्या चाचणीत मार्क घसरतात. हुशार मुलांचे जास्त घसरतात, कारण त्यांचं पाठांतर चांगलं असतं आणि इथे ते कामी येत नाही.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. पहिलीपासून ते आलं 2000 साली. नववी-दहावीच्या निवडक मुलांचा जादा तास आमच्या इंग्रजीच्या बाई शाळा भरण्याआधी घेत. त्यातली बरीच मुलं सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. काही कन्नड घरातली, एक-दोन उर्दू. मराठी त्यांनी गल्लीत आणि शाळेत उचललेली. दोन-तीन भाषांत रोज वावरणाऱ्या या मुलांना आणखी एकीची फारशी भीती नव्हती. चुकत-माकत बोलायला तीच आधी उठायची. धास्ती होती ती आम्हा मराठी घरातल्यांना.

बाईंकडे गाईड चालत नसे. कविता झाली की आम्ही ठरलेलं सांगायचो, कवीचं निसर्गावर प्रेम आहे वगैरे. बाई शांतपणे विचारत, "कोणत्या ओळीवरून?" ओळ दाखवली तरी सुटका नव्हती. त्या ओळीतला कुठला शब्द, आणि कवीने नेमका तोच का घेतला असेल? दोन कडव्यांत तास संपायचा. पोर्शन कधी पूर्ण होणार, ही आमच्या पालकांची काळजी अगदीच खोटी नव्हती.

एक तास मात्र आजही जसाच्या तसा सांगता येईल. विषय होता पॅसिव्ह व्हॉइस. वाक्यं उलटसुलट करण्यात आम्ही पटाईत होतो. बाईंनी 8 मे 1930 ला सोलापुरात झालेल्या गोळीबारावर तीन छोटे उतारे स्वतः लिहून आणले होते. एक सरकारी अहवालाच्या थाटात, एक राष्ट्रीय बाण्याच्या वर्तमानपत्रासारखा, तिसरा गिरणी कामगार बोलतोय असा. चार हुतात्म्यांचे पुतळे रोज येता-जाता दिसायचे. मार्शल लॉ, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा यांना झालेली फाशी, हे सगळं भाषणांतून पाठ होतं. सरकारी थाटाच्या उताऱ्यात वाक्य होतं, 'शॉट्स वेअर फायर्ड'. बाई म्हणाल्या, "गोळी कुणी झाडली ते या वाक्यात शोधा." सापडेना. मग, ते नाव गाळल्याने कुणाची सोय झाली, यावर एक पान लिहायचं होतं, तेही तिन्ही उताऱ्यांचा आधार देऊन. व्याकरण कुणाची तरी बाजू घेऊ शकतं, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वर्गातला एकजण आज टॉवेल एक्सपोर्ट करतो. परदेशातून 'पेमेंट हॅज बीन डिलेड' असं पत्र आलं की तो उलट विचारतो, "बाय हूम?"

माझी भाची अमेरिकेत हायस्कूलला आहे. तिने ए.पी. (म्हणजे शाळेत असतानाच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा) इंग्लिश लँग्वेज हा विषय घेतला तेव्हा मी तिच्या परीक्षेचं स्वरूप पाहिलं. एका तासात 45 बहुपर्यायी प्रश्न, मग सव्वादोन तासांत तीन निबंध. त्यातल्या एका निबंधात एकाच विषयावरची सहा साधनं देतात, लेख, तक्ता, चित्र अशी, आणि त्यातल्या किमान तीन साधनांचा आधार घेऊन स्वतःचं मत मांडायचं असतं. दुसऱ्यात लेखकाने वाचकाला कसं वळवलं ते उलगडायचं. हा प्रकार आम्ही सोलापुरात सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांवर केला होता. फरक इतकाच की तिला त्याचे गुण मिळतात आणि त्यावर तिकडच्या कॉलेजात क्रेडिटही मिळू शकतं. आम्हाला बाईंच्या लाल शाईशिवाय काही मिळालं नाही.

मी स्वतः आता अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो, म्हणून आपल्याकडचंही सांगतो. बारावीचा लेखी पेपर 80 गुणांचा, तोंडी 20. अकरावीला नाटकांचे आणि बारावीला कादंबऱ्यांचे उतारे असतात. मुलं उताऱ्यावरच थांबतात. एक तरी कादंबरी अख्खी वाचा, मग पात्र तसं का वागलं याचं उत्तर तुमचं तुम्हाला सुचेल. पुस्तक विकत घ्यायलाच हवं असं नाही, हिराचंद नेमचंद वाचनालय गावातच आहे. व्ह्यू-काउंटरव्ह्यूच्या प्रश्नात दोन्ही बाजूंचे मुद्दे पाठ करून येणारे खूप भेटतात. समोरच्याचं ऐकून त्याला उत्तर देणारा क्वचित. तोंडीच्या गुणांना कुणी मनावर घेत नाही, याचं मला नवल वाटतं. घरी एका भाषेत, रस्त्यावर दुसऱ्या भाषेत हुज्जत घालणाऱ्या सोलापूरच्या मुलांनी तरी ते गुण सोडू नयेत.

आणि निबंध एकदा लिहून वही मिटवायची नाही. बाई पहिल्या खर्ड्याला गुण देतच नसत. समासात प्रश्न लिहून वही परत करायच्या. दुसऱ्या खर्ड्यात त्या प्रश्नांची उत्तरं दिसली तरच तपासायच्या. माझ्या वर्गात मी हीच पद्धत ठेवली आहे. पहिले काही आठवडे मुलं वैतागतात, आणि वह्यांचे गठ्ठे पाहून मीही.