तुम्ही विचारलंत म्हणून: सावामुरा सोडून स्टारफिन का?

जुन्या जपानी बेसबॉलचा विषय निघाला की तुमचा आवडता पिचर (बॉल टाकणारा, आपला बोलरच म्हणा) कोण हा प्रश्न येतोच, आणि मी विक्टर स्टारफिन म्हटलं की पुढचंही ठरलेलं, अहो पण सावामुरा का नाही?

सावामुरा मोठाच, वादच नाही. 1934 मध्ये 17 वर्षांच्या पोराने शिझुओकाला बेब रूथ, लू गेरिग या अमेरिकन स्टार बॅटर्ससकट ओळीने चौघांना स्ट्राइक आउट केलं (म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद), मॅच 1-0 ने गेली तरी पोरगा हिरो झाला, 1944 ला अमेरिकन पाणबुडीने बुडवलेल्या जहाजात गेला आणि आता दरवर्षी बेस्ट पिचरला त्याच्याच नावाचं अवॉर्ड देतात. पण मला राबलेला माणूस जास्त भावतो, आणि स्टारफिनइतका राबलेला दुसरा मला तरी दिसत नाही.

जन्म रशियातला, 1916 चा. क्रांतीनंतर घरच्यांनी पळ काढला आणि हार्बिनमार्गे होक्काइदोतल्या असाहिकावाला येऊन पडले. नागरिकत्व कुठल्याच देशाचं नाही. पुढे वडील खुनाच्या केसमध्ये तुरुंगात, आणि त्याच काळात हा सहा फुटांवरचा पोरगा शाळेच्या टीमकडून असे काही बॉल टाकायचा की टोकियोला प्रोफेशनल टीमची (पुढची जायंट्स) जुळवाजुळव करणाऱ्यांचं लक्ष गेलं. आला नाहीस तर घरच्यांना देशाबाहेर काढतील असा दम भरला होता म्हणतात. शाळा अर्धवट टाकून पोरगा गेला, दुसरं करणार काय?

मग 1939. टीमच्या 96 मॅच, त्यातल्या जिंकल्या 66, आणि त्यातल्या 42 एकट्या स्टारफिनच्या नावावर (बेसबॉलमध्ये प्रत्येक विजय एका पिचरच्या खात्यात धरतात)! टाकलेल्या इनिंग्ज 450 च्या वर (एका मॅचच्या साधारण नऊ), आजचे स्टार पिचर वर्षाला 200 टाकले तरी खांदा धरून बसतात.

आणि एवढं करून मिळालं काय, तर 1940 ला परदेशी नाव नको म्हणून त्याला सुदा हिरोशी केलं, आणि युद्ध चिघळल्यावर खेळच बंद, कारुइझावाला परदेशी लोकांबरोबर नजरकैदेत. ह्याचा मला अजूनही राग येतो. युद्ध संपल्यावर जायंट्सकडे परत गेला नाही, 1946 पासून आपल्या जुन्या मॅनेजरच्या टीमकडून खेळला, बरंच केलं. शेवटी तोंबो युनियन्स नावाच्या पडेल टीमकडून (तोंबो म्हणजे तेच, पेन्सिलवाले) 1955 मध्ये 300 वा विजय, जपानमध्ये तिथवर पोचणारा पहिला पिचर. एकूण 303, आणि समोरच्या टीमला एकही रन न देता जिंकलेल्या 83 मॅच, तो रेकॉर्ड अजून कुणाला तुटलेला नाही. 1957 च्या जानेवारीत टोकियोत त्याची गाडी ट्रामवर आदळली आणि वयाच्या 40 व्या वर्षी गेला.

बाकी त्या 42 वरून कुणी वाद घालतं, ते 40 होते ना? तर युद्धानंतर रेकॉर्डवाल्यांनी नवे नियम लावून दोन विजय कापले होते, पण 1961 ला इनाओ नावाच्या पिचरने 42 जिंकल्यावर पुन्हा काथ्याकूट झाला आणि स्टारफिनचे दोन परत मिळाले. दोघांचाही आकडा 42, एका सीझनमधल्या विजयांचा रेकॉर्ड दोघांचा मिळून.